हिंग जास्त, मासा मोठा?

'कणकेच्या गोळ्यात हिंग आणि अत्तर घाला, गळाला मोठाच मासा लागेल' हा मेसेज सोलापुरात हिप्परग्याच्या तलावापासून उजनीपर्यंत अनेक वर्षं फिरतोय.

यात थोडं तथ्य आहे. कटला, रोहू, मृगळ यांना वास कळतो. पण त्यासाठी पदार्थ पाण्यात विरघळावा लागतो. ग्लासभर पाण्यात अत्तराचा थेंब टाकून बघा, तो वेगळाच राहतो. शिवाय वासाला लहानमोठं कळत नाही. गोळ्यावर आधी चिलापीची पिल्लंच तुटून पडतात, हे काठावर बसणाऱ्याला सांगायला नको.

मग फरक कशाने पडतो? बऱ्याच अंशी खोलीने. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. मृगळाचं खाली, तो तळाशी. मरळीला तर कणकेत रसच नाही, तिला हलणारं भक्ष्य लागतं. अमेरिकेतला लार्जमाऊथ बासही तसाच. तिथे प्लॅस्टिकच्या उंदरावरही मोठे बास लागतात, पण ते उंदराच्या हालचालीमुळे. त्यात जादू नाही.

पडताळा सोपा आहे. दोन गळ, एकच जागा, सारखी खोली, सारख्या आकाराचे गोळे, हिंग फक्त एकात. तासाभराने गळांची जागा बदला. आठ-दहा दिवस रोज सकाळी मासे मोजा, वजनही लिहा. एका दिवसावर जाऊ नका. एखादा मोठा कटला लागला की रिकाम्या गेलेल्या सकाळी आपण सगळेच विसरतो. हिंग वरणात घातलेलं बरं, असं माझं मत.