दुःखद प्रसंगी आपल्या जाहिराती आम्ही का थांबवतो

आमच्या सर्व ग्राहकांस सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानाचे एसएमएस, व्हॉट्सॲप संदेश आणि सोशल मीडियावरील पोस्ट ठरलेल्या वेळी पाठविण्याचे काम आपण आमच्याकडे सोपविले आहे. या कामात 2019 पासून आमची एक अट आहे: आपले गिऱ्हाईक जेथे राहते तेथे, किंवा साऱ्या देशावर, मोठे संकट कोसळले तर आपल्याला न विचारता आम्ही सर्व जाहिराती थांबवतो. ऐन हंगामात जाहिरात थांबली की आपला फोन येतो आणि त्या घाईत आमच्याकडून धड उत्तर दिले जात नाही, म्हणून हे पत्रक.

ही अट आमच्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे. ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती, पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता आणि कोल्हापुरात पेट्रोलसाठी वणवण चालू होती. अशा दिवसांत, गुरुवारी 8 ऑगस्टला सकाळी सव्वादहा वाजता, एका साडीच्या दुकानाचा आम्ही पंधरा दिवस आधी शेड्यूल लावून ठेवलेला संदेश चार हजारांहून अधिक मोबाइलवर जाऊन पोहोचला: ‘राखीपौर्णिमेनिमित्त सवलतींचा महापूर! सहकुटुंब या आणि चिंब व्हा!’ त्याच दिवशी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे बुडाली. आमच्या कार्यालयात तेव्हा वीज नव्हती आणि संगणक बंद होते. पण संदेश पाठविणारी यंत्रणा आमच्या टेबलावर नसते, ती कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असते आणि तिच्या दारात पाणी आलेले नव्हते. शाळेतल्या निवारा केंद्रात आसरा घेतलेल्या, चिखलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी दुकानदारांना फोन लावला आणि एवढेच विचारले, “तुमचा महापूर आमच्या माळ्यापर्यंत आलाय की, आता आणि कुठला घेऊन येताय?” दुकानदारांनी त्यांची माफी मागितली आणि मग आम्हाला फोन केला. तो फोन येथे छापण्यासारखा नाही.

आपल्या जाहिरातीची भाषा किती मोठ्या प्रमाणावर आपत्तीच्या शब्दांवर पोसलेली आहे, हे त्यानंतर जुने मजकूर काढून वाचताना आमच्या ध्यानात आले. सवलतींचा महापूर, ऑफरचा पाऊस, किमतींचा भूकंप, दर जमीनदोस्त, दिवाळी धमाका, स्फोटक योजना: एरवी या शब्दांकडे कोणाचे लक्षही जात नाही, आणि एखाद्या दिवशी त्यांच्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार आपले टेम्प्लेट, म्हणजे संदेशाचा ठरलेला साचा, डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवून मंजूर करून घ्यावे लागते आणि जाहिरातीचा एसएमएस सकाळी 10 ते रात्री 9 याच वेळेत पाठविता येतो. त्यामुळे मंजूर मजकूर म्हणजे निर्धोक मजकूर, अशी काही ग्राहकांची समजूत झालेली दिसते. मात्र संदेश कोणाच्या नावाने जातो, त्याचा साचा काय आणि तो कोणाला पाठवायचा नाही, एवढेच तेथे पाहिले जाते. तो शब्द त्या दिवशी त्या गावात शोभेल का, हे तपासणारा रकाना कोठल्याच अर्जात नाही.

आमची चूक निदान अनवधानाने झालेली होती. याच्याहून वाईट प्रकार म्हणजे संकट घडल्यावर, ते ठाऊक असताना, त्याचाच शब्द उचलून माल विकायला निघणे. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात सुमारे 9,000 माणसे गेली. त्यानंतर लगोलग लेन्सकार्ट या चष्मे विकणाऱ्या भारतीय कंपनीचा एसएमएस लोकांच्या मोबाइलवर आला, ज्यात भूकंपाच्या हादऱ्याची उपमा देऊन गॉगलची योजना सांगितली होती. हा मजकूर आधी लिहून ठेवलेला असणे शक्यच नव्हते. तो कोणीतरी बातमी पाहून, सुचले म्हणून, लिहिला. कंपनीला शब्दांच्या निवडीबद्दल जाहीर माफी मागावी लागली. त्याच दिवसांत एअरटेलने भारतातून नेपाळला केलेले कॉल 48 तास मोफत केले होते. तीही व्यापारी कंपनीच आणि तेही मोबाइलवरूनच, परंतु ज्याचे माणूस काठमांडूत अडकले होते त्याच्या ते उपयोगी पडले. आपल्या औषधाच्या दुकानाची कोणती शाखा उघडी आहे, गॅस कोठे मिळतो, हप्ता भरायला किती मुदत वाढविली, असे संदेश म्हणूनच आम्ही संकटाच्या दिवशीही पाठवतो, आणि त्यांचे आमचे शुल्क घेत नाही.

यंत्रावर सोडून दिलेल्या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या मते जर्मनीतले आहे. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री नाझींनी तेथील ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली, हजारो दुकाने फोडली आणि पुढे सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना पकडून नेले. 2022 साली याच तारखेला केएफसीच्या जर्मन ॲपवरून ग्राहकांना सूचना गेली, की आज त्या रात्रीचा स्मृतिदिन आहे, तेव्हा कुरकुरीत चिकनवर चीज घेऊन स्वतःचे लाड करा. तासाभरात त्याच ॲपवरून माफीचा संदेश गेला. राष्ट्रीय दिनांच्या कॅलेंडरला जोडलेली एक अर्धस्वयंचलित यंत्रणा असे मजकूर तयार करते आणि तो तपासण्याची अंतर्गत पद्धत त्या दिवशी नीट पाळली गेली नाही, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. ‘आजचा दिनविशेष’ पाहून रोज आपोआप शुभेच्छा पाठविणारी स्वस्त सेवा हल्ली आपल्याकडेही विकली जाते आणि ती आमच्याकडे का नाही, असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले आहे. तिच्यात शहीद दिनही ‘हार्दिक शुभेच्छां’च्याच रांगेत बसतो, एवढेच आमचे उत्तर आहे.

दिवस कॅलेंडरवर असो वा नसो, तो तेथील माणसांच्या लक्षात असतो. बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ 15 एप्रिल 2013 रोजी दोन बॉम्बस्फोट होऊन 3 जण ठार आणि शेकडो जखमी झाले. चार वर्षांनी, 2017 च्या शर्यतीनंतर, अदिदास कंपनीने धावपटूंना ईमेल पाठविला आणि ‘बॉस्टन मॅरेथॉनमधून तुम्ही जिवंत वाचलात’ असा अर्थ निघेल अशा शब्दांत त्यांचे अभिनंदन केले. धावणाऱ्यांच्या गप्पांत हा शब्द रोजचाच आहे, 42 किलोमीटर धावल्यावर कोणीही तसे म्हणेल. फक्त त्या शहराबाबत तो वापरता येत नव्हता. कंपनीने त्याच दिवशी माफी मागितली. हे वाचल्यापासून आम्ही सणावारांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवली आहे. तिच्यात मुंबईसाठी 26 नोव्हेंबर आणि 11 जुलै आहे, लातूर-धाराशिवसाठी किल्लारीच्या भूकंपाचा 30 सप्टेंबर आहे, आंबेगाव तालुक्यासाठी माळीणचा 30 जुलै आहे. या दिवशी त्या भागातील मोबाइलवर जाणारा प्रत्येक मजकूर आमच्यापैकी एक जण छापील प्रत काढून वाचतो. जाहिरात जातेच, शब्द मात्र पाहिलेले असतात.

हे सारे मोठ्या कंपन्यांचे, आपल्याला कोण विचारतो, असे समजू नये. उलट मोठी कंपनी असा मार सहन करू शकते. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळत असताना अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने वादळाच्या वाटेवरील नऊ राज्यांतील ग्राहकांना ‘वादळात कंटाळा आला असेल तर’ म्हणून 36 तासांसाठी 20 टक्के सूट देऊ केली. त्या वादळात अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे मेली. लोक चिडले, पण कंपनीच्या प्रमुखांनी त्यात फारसे गैर मानले नाही आणि धंदा चालू राहिला. आता दुसरीकडे टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील मिरॅकल मॅट्रेस हे गाद्यांचे दुकान पाहा. तेथे ज्या एकेरी गादीला ‘ट्विन’ (शब्दशः ‘जुळे’) म्हणतात तिच्या भावात सर्व मापांच्या गाद्या, अशी योजना त्यांनी सप्टेंबर 2016 मध्ये काढली, तिला 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात पडलेल्या जुळ्या मनोऱ्यांचे नाव दिले आणि चित्रफितीत गाद्यांच्या दोन उंच थप्प्या कोसळवून दाखविल्या. त्या हल्ल्यात 2,977 माणसे मारली गेली होती. चित्रफीत देशभर पोहोचली, मालकांनी माफी मागितली, तरीही दुकान बेमुदत बंद करावे लागले. कोटी सुचली की ती कोणालातरी सांगावीशी वाटते, हे आम्ही समजू शकतो, कारण आमचाही धंदा कोट्यांवरच चालतो. परंतु हा मजकूर चित्रीकरण होईपर्यंत किती जणांनी ऐकला असेल आणि त्यांतल्या एकानेही ‘नको’ म्हटले नाही, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

शोकसंदेशाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण त्याची मागणी आमच्याकडे सर्वांत जास्त येते. बॉस्टनच्या स्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी एपिक्युरियस या पाककृतींच्या संकेतस्थळाने त्या शहराच्या सन्मानार्थ न्याहारीला क्रॅनबेरी घातलेले स्कोन (बिस्किटासारखे छोटे पाव) करून पाहा, असे ट्विटरवर सुचविले आणि नंतर माफी मागितली. हे वाचून आपल्याला हसू येईल. पण आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खाली दुकानाचे बोधचिन्ह, दोन मोबाइल क्रमांक आणि गेलेल्या माणसापेक्षा मोठा प्रोप्रायटरचा फोटो असतो, तेव्हा आपण वेगळे काय करतो? शोकसंदेश हवाच असेल तर आम्ही दुकानाचे नाव एकदा, साध्या अक्षरांत टाकतो. पत्ता, क्रमांक आणि योजना त्यात घालत नाही, आणि याबाबतीत आग्रह धरला तरी आमचा नाइलाज आहे.

प्रत्यक्षात थांबविण्याची रीत अशी आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांसाठी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले, की पाऊस, पूर, चिंब, धो धो असे शब्द असलेले सर्व संदेश रोखले जातात, आणि 43 फुटांना उरलेलेही. अपघात, स्फोट, दरड, चेंगराचेंगरी यांना अशी मोजपट्टी नाही. तेथे कार्यालयातील आम्हा दोघांपैकी कोणाही एकाला वाटले तरी पुरे आहे. थांबवायला एकाचा निर्णय चालतो, पुन्हा सुरू करायला मात्र दोघांची आणि आपली संमती लागते. कधीकधी आम्ही उगाच थांबलो असेही होईल. एका सराफांनी ऐन लग्नसराईत याच कारणाने आमचे काम बंद केले, कारण समोरच्या दुकानाचे संदेश चालू होते; त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. रोखलेल्या संदेशांचे पैसे वाया जात नाहीत, तेवढे संदेश पुढील 60 दिवसांत केव्हाही पाठविता येतात, आणि मजकूर बदलायचा असल्यास नव्या टेम्प्लेटच्या नोंदणीचे काम आम्ही विनामूल्य करतो.

एवढे करूनही एखादा संदेश निसटलाच, तर तो ज्या क्रमांकांवर गेला त्याच सर्व क्रमांकांवर, त्याच माध्यमातून, आपल्या नावाने माफी पाठवावी लागेल. तिचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. त्यात ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द नाहीत. काय पाठविले, ते का चुकले आणि ते मागे घेतले आहे, एवढी तीनच वाक्ये आहेत. त्या मसुद्यावर आपली आगाऊ संमती असणे आवश्यक आहे, कारण अशा वेळी आपला फोन लागेलच याची खात्री नसते.

म्हणून पत्रकाच्या मागील बाजूस दिलेल्या तक्त्यात आपली सही, दुकानातील एका माणसाचा क्रमांक आणि दुकानाबाहेरच्या, शक्यतो दुसऱ्या गावात राहणाऱ्या, एका माणसाचा क्रमांक लिहून तो भाग येत्या बिलाबरोबर आमच्याकडे पाठवावा. 2019 मध्ये आपल्यापैकी ज्यांनी घरचा आणि दुकानाचा असे दोन क्रमांक दिले होते, त्यांचे दोन्ही फोन एकाच पाण्यात होते.