आउट नसलेलं चाक आणि ताणात असलेलं चाक

सायकलचं चाक स्टँडवर फिरवलं, रिम कुठेही डुलली नाही, म्हणजे चाक झालं असं बहुतेकांना वाटतं. मलाही पहिली दोन-तीन चाकं बांधेपर्यंत तसंच वाटायचं. पण आउट, म्हणजे रिमचं बाजूला डुलणं, काढणं हे एक काम आणि स्पोकचा ताण सारखा करणं हे दुसरं. पहिलं डोळ्यांना दिसतं, दुसरं दिसत नाही. घोळ तिथेच होतो.

रिम एखाद्या जागी सरळ राहते ती डावीकडची आणि उजवीकडची ओढ तिथे जुळते म्हणून. ती ओढ किती आहे, याच्याशी सरळपणाला देणंघेणं नसतं. शेजारशेजारचे दोन स्पोक, एक डावा आणि एक उजवा, सारखेच ढिले असले तरी रिम बाजूला सरकत नाही. एकाच बाजूचा एक स्पोक फार घट्ट आणि त्याच्या शेजारचा ढिला असेल, तर रिमच्या कडकपणामुळे दोघांची सरासरी निघते आणि चाक सरळच दिसतं.

फरक कळतो चालवल्यावर. फिरताना जो स्पोक खाली येतो त्याचा ताण दर फेरीला थोडा उतरतो. मुळात ताण पुरेसा असेल तर काही बिघडत नाही. ढिल्या स्पोकचा ताण मात्र शून्यावर येतो, निप्पल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारी छोटी नट, मोकळं होऊन हळूहळू उलगडतं आणि आउट परत येतो. पुढे स्पोक तुटतो तोही बहुधा हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणात, कारण धातू तिथेच थकतो.

ताण तपासायची सोपी युक्ती म्हणजे बोटाने स्पोक छेडून आवाज ऐकणं. तुलना एकाच बाजूच्या, सारख्या जाडीच्या आणि लांबीच्या स्पोकांतच करायची. गिअर असलेल्या मागच्या चाकात उजवी बाजू उंच स्वरात बोलते, कारण गिअरना जागा द्यायला उजवी फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कडा) मध्याच्या जवळ आलेली असते. तिथे डावा ताण बराच कमी असणारच. तो उजव्याइतका करायला जाल तर रिम मधोमध राहणार नाही. कानाची मर्यादा अशी की ताणात २० टक्के फरक असला तरी स्वर सुमारे साडेनऊ टक्केच बदलतो. शिवाय सगळे स्पोक सारखेच ढिले असतील तर कान फसतो.

म्हणून ताण मोजायचा मीटर. तो स्पोकला मधे दाबून किती वाकला ते सांगतो. आकडा २२ आला म्हणजे २२ किलो नव्हे. स्पोकची जाडी आणि धातू पाहून तक्त्यावरून खरा ताण काढायचा, कारण त्याच ताणाला जाड स्पोक कमी वाकतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण ठेवतात. रिम बनवणाऱ्याने मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. एका बाजूचे स्पोक त्या बाजूच्या सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत असले तर मी हात आवरतो.

एकाच बाजूचा घट्ट स्पोक पाव फेरी सैल करून त्याच्या शेजारचा ढिला पाव फेरी आवळला, तर रिम जवळपास जागेवर राहते आणि ताण सुधारतो. हे जमत नाही ते रिमच वाकलेली असली तर. मग ताण सारखा केला की आउट येतो आणि आउट काढला की ताण बिघडतो. अशा चाकावर एक संध्याकाळ घालवल्यावर मी रिम बदलतो.