गुंगेरियाचं पावणेचारशे किलो तांबं

मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आपल्या गोंदियाला लागूनच आहे. तिथल्या गुंगेरिया गावाजवळ १८७० साली गुरं चारणाऱ्या दोन पोरांना मातीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तो ओढून काढला, पुढे खणलं, तर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या. वजन सुमारे ३७६ किलो! सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. त्यांतले काही गोल, तर काही चक्क शिंगं खाली वळलेल्या बैलाच्या मुंडक्यासारखे.

तांब्याच्या ढिगात मुख्यतः चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारखी लांब, एका टोकाला धार असलेली हत्यारं होती. काळ कांस्ययुगाचा म्हणायचा, पण हे कांसं नव्हे, जवळजवळ शुद्ध तांबं. तांब्यात दहाएक टक्के कथील मिसळलं की ते कमी तापमानाला वितळतं आणि कडकही होतं. नुसतं तांबं मऊ. त्याची धार टिकवायची तर पातं थंड असतानाच ठोकून घट्ट करावं लागतं.

एवढं घबाड हाती लागूनही अभ्यासक मात्र अडलेच. धातूचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. ते ठरतं सोबतच्या कोळशावरून, हाडांवरून, मातीच्या थरावरून. अचानक सापडलेल्या निधीत, म्हणजे पुरलेल्या साठ्यात, नेमकं हेच उकरताना उधळलं जातं. गंगेच्या खोऱ्यातल्या ताम्रनिधींचंही तसंच झालं. १८२२ मध्ये कानपूरजवळ बिठूरला काटेरी भाल्याचं पातं मिळालं, पण अशी हत्यारं कुणाची, याचा माग लागायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी जुन्या निधींच्या जागा पुन्हा खणल्या, तेव्हा तिथे गेरूसारखा रंग हाताला लागणारी खापरं मिळाली. पुढे उत्तर प्रदेशातल्या सैपईला अशा खापरांसोबतच तांब्याची हत्यारं निघाली. माझ्या मते त्या भुरभुरीत खापरांचं मोल पावणेचारशे किलो तांब्याहून जास्त आहे.

मग गुंगेरियाचं तांबं आलं कुठून? आजची मलाजखंडची प्रचंड तांब्याची खाण याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे मन लगेच तिकडे धावतं. पण जवळ असणं हा पुरावा नव्हे. तांब्यात शिशाचा अंश असतो. त्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे शिशाच्याच कमीजास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण खाणीतल्या खनिजाशी जुळवून पाहावं लागतं. त्यासाठी कुऱ्हाडीचा चिमूटभर कीस पुरतो.