थायलंडचा झिको आणि दोनदा गाठलेला उंबरठा

कियातिसक सेनामुआंग हे नाव पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळते. थाई लिपीतले त्याचे हिज्जे उलगडले की मात्र ओळखीचे शब्द भेटतात. ‘कियाती’ म्हणजे कीर्ती, ‘सक’ म्हणजे शक्ती, ‘सेना’ तर सेनाच. शेवटचा ‘मुआंग’ हा अस्सल थाई शब्द, अर्थ नगर. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ज्या उदोन थानीत तो जन्मला, त्या गावाच्या नावातही ‘उत्तर’ आणि ‘धानी’ दडलेले आहेत. थाई माणसाला घरी-दारी वापरायला एक सुटसुटीत टोपणनाव असतेच. या फुटबॉलपटूचे टोपणनाव झिको, ब्राझीलचा नामवंत फुटबॉलपटू झिको याच्यावरून. थायलंडमध्ये आणि व्हिएतनाममध्ये आजही तो याच नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय संघासाठी १३० हून अधिक सामने आणि ७० हून अधिक गोल. थायलंडकडून याहून जास्त गोल कोणीच केलेले नाहीत.

त्याच्या आधी थायलंडला मोठे फुटबॉलपटू लाभले नव्हते असे नाही. वित्थया लाओहाकुन १९७९ च्या सुमारास जर्मनीत हेर्था बर्लिनकडून खेळला. पियापोंग पुए-ऑन १९८५ मध्ये दक्षिण कोरियाच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पण हे एकेकटे पराक्रम होते, मायदेशी लीग म्हणावी अशी काही नव्हतीच. संघ होते ते बँकांचे, लष्कराचे, हवाई दलाचे, पोलिसांचे, बंदराचे. झिको पुढे आला तोही क्रुंग थाई बँकेच्या संघातून. या पद्धतीला आज कोणी हौशी म्हणून हिणवील. पण थाई फार्मर्स बँकेच्या संघाने १९९४ आणि १९९५ असे लागोपाठ दोनदा आशियाई क्लब विजेतेपद पटकावले होते, हे विसरता कामा नये. या रचनेचा कमकुवत सांधा १९९७ च्या आर्थिक संकटात उघडा पडला. बँका अडचणीत आल्या आणि २००० मध्ये तो विजेता संघच बंद झाला.

झिकोची पिढी या दोन काळांच्या सांध्यावरची. १९९३, १९९५, १९९७ आणि १९९९, अशी आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांची चार सुवर्णपदके या पिढीने ओळीने जिंकली. १९९६ मध्ये सिंगापूरला पहिला टायगर कप, म्हणजे आग्नेय आशियाई देशांचा चषक, झाला. अंतिम सामन्यात थायलंडने मलेशियाला १-० ने हरवले आणि तो एकमेव गोल झिकोचा होता. २००० आणि २००२ मध्ये पुन्हा तोच चषक, दोन्ही वेळा इंडोनेशियाला हरवून. गोल केला की तो कोलांटउडी मारायचा आणि स्टेडियम त्या उडीची वाट पाहत असे. अंगाने तो धिप्पाड नव्हता. चेंडू कुठे पडणार हे बचावपटूच्या अर्धा क्षण आधी हेरणे, हे त्याचे बळ.

तरीही त्याच्या खेळाडूपणाचा एकच सामना निवडायचा झाला तर मी १४ डिसेंबर १९९८ चा निवडेन. बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, राजमंगला स्टेडियम, समोर दक्षिण कोरिया. प्रशिक्षक होते इंग्लंडचे पीटर विथ. १९८२ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाचा विजयी गोल करणारे तेच. शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना झिकोने गोल केला. कोरियाने पेनल्टीवर बरोबरी साधली. दोन खेळाडू बाहेर काढले गेल्याने थायलंडकडे नऊच जण उरले, आणि त्या नऊ जणांनी अतिरिक्त वेळेत थवाचाई दामरोंग-ओंगत्राकुलच्या फ्री किकवर गोल्डन गोल (पडताच सामना संपवणारा गोल) मारून सामना २-१ ने जिंकला. पुढे उपांत्य फेरीत कुवेतकडून ०-३ अशी हार झाली आणि कांस्यपदकही हुकले. पण आशियातल्या बलाढ्यांशी आपण भिडू शकतो, हे थाई प्रेक्षकांनी त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्या विश्वासाची परीक्षा २००१ मध्ये झाली. २००२ च्या विश्वचषकासाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेत थायलंडने अंतिम फेरी गाठली. गटात इराण, सौदी अरेबिया, बहरीन आणि इराक. आठ सामने, चार बरोबरी, चार पराभव, विजय एकही नाही. थायलंडने ही फेरी आजवर दोनदाच गाठली आहे. पहिल्या वेळी झिको आघाडीला खेळत होता आणि दुसऱ्या वेळी तोच प्रशिक्षक होता. त्याच्या कारकिर्दीकडे मी पाहतो ते याच धाग्याने. आग्नेय आशियात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि आशियाचा उंबरठा मात्र दोन्ही वेळा ओलांडता आला नाही.

परदेशातही त्याने नशीब आजमावले. मलेशियात पर्लिस, सिंगापुरात तिथल्या लष्कराचा संघ. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या हडर्सफील्ड टाउनमध्ये गेला. पहिल्या संघाकडून एकही सामना वाट्याला आला नाही आणि तो परतला. यात त्याचे कौशल्य कमी पडले, असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. त्या काळी आग्नेय आशियातल्या खेळाडूला इंग्लंडमध्ये मुळातून जोखायला कोणी बसलेच नव्हते.

त्याचे खरे दुसरे घर झाले ते व्हिएतनामच्या मध्य पठारावरचे प्लेइकू. तिथल्या होआंग आन्ह जिया लाय या क्लबचे मालक दोआन न्गुयेन डुक यांचा मूळ धंदा लाकडाचा आणि फर्निचरचा. व्हिएतनामची व्यावसायिक लीग २०००-०१ मध्येच सुरू झालेली. क्लब खालच्या श्रेणीत होता, पण २००२ मध्ये मालकांनी थेट झिकोलाच आणले. प्रदेशातला सर्वांत नावाजलेला स्ट्रायकर डोंगरातल्या एका आडगावच्या संघाकडे का जाईल, याचे तेव्हा सर्वांनाच नवल वाटले होते. क्लब वर चढला आणि २००३ व २००४ अशी दोन विजेतेपदे त्याने जिंकली. क्लबच्या खात्यात आजही एवढीच दोन विजेतेपदे आहेत. दुसीत चालेर्मसान, तवान श्रीपान हे थाई सहकारीही त्याच्यामागून तिथे आले. थायलंड आणि व्हिएतनाममधले फुटबॉलचे वैर कडवे आहे, हे लक्षात घेतले तर व्हिएतनामी प्रेक्षकांनी ‘थाई झिको’ला दिलेले प्रेम किती मोठे, ते कळते. प्रशिक्षकपदाची सुरुवातही त्याने इथेच केली.

मायदेशी चुला युनायटेड, चोनबुरी, बँकॉक एफसी असे क्लब सांभाळत तो शिकत राहिला. तोवर राष्ट्रीय संघाची घडी विस्कटली होती. २००२ नंतर आग्नेय आशियाई चषक बँकॉकला आलाच नव्हता. २००७, २००८ आणि २०१२ अशा तीन अंतिम फेऱ्या हातच्या गेल्या होत्या. २००९ आणि २०११ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत तर तरुणांचा संघ गटसाखळीतच गारद झाला.

जून २०१३ मध्ये राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक उरला नाही, तेव्हा तात्पुरती जबाबदारी झिकोकडे आली. १५ जूनला हफेई इथे मैत्रीपूर्ण सामना होता. थायलंडच्या तरुण पोरांनी चीनला त्यांच्याच घरात ५-१ ने झोडपले. चिनी प्रेक्षक स्टेडियमबाहेर खवळले, आणि त्यांचे स्पॅनिश प्रशिक्षक कामाचो यांची नोकरी गेली. त्याच वर्षी म्यानमारमध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाला १-० ने नमवून सुवर्ण आले. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्याचा संघ चीनला आणि जॉर्डनला हरवत चौथा आला.

या संघाचा खेळ पाहणे हा आनंद होता. जमिनीवरून आखूड, झटपट पास आणि चेंडू सतत फिरता. मधोमध चनाथिप सोंगक्रासिन, जेमतेम १५८ सेंटिमीटर उंचीचा, पायाला चेंडू चिकटवून धावणारा. (त्याच्याही नावात ‘जनाधिप’ आहे.) उंची आणि ताकद पाहून खेळाडू निवडण्याचा मोह झिकोने टाळला, हे मला त्याचे प्रशिक्षक म्हणून सर्वांत मोठे काम वाटते.

डिसेंबर २०१४ मध्ये आग्नेय आशियाई चषकाच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत बँकॉकला मलेशियाविरुद्ध २-० अशी आघाडी मिळाली होती. क्वालालंपूरच्या बुकित जलील स्टेडियमवर ती पुसली गेली. मलेशिया ३-० ने पुढे आणि घड्याळात ८० मिनिटे उलटलेली. तेवढ्यात ८२व्या मिनिटाला चारिल शापुईने आणि ८७व्या मिनिटाला चनाथिपने गोल केला. त्या रात्री २-३ अशी हार झाली, पण दोन सामने मिळून ४-३ ने चषक बारा वर्षांनी परत आला. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही हा चषक उचलणारा झिको पहिलाच. २०१६ मध्ये इंडोनेशियाला हरवून तो त्याने राखला.

मग पुन्हा तोच उंबरठा. इराकबरोबरचे दोन्ही सामने २-२ बरोबरीत सोडवून आणि हनोईत व्हिएतनामला ३-० ने हरवून थायलंड २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम पात्रता फेरीत पोहोचला. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजे भूमिबोल यांचे निधन झाले. महिनाभराने, १५ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलियाचा संघ बँकॉकला आला तेव्हा देश दुखवट्यात होता. प्रेक्षक काळ्या कपड्यांत आले होते. तीरासिल दांगदाने दोन गोल केले, ऑस्ट्रेलियाने दोन पेनल्टींवर बरोबरी गाठली. झिकोच्या संघाला त्या फेरीत मिळालेला तो एकमेव गुण. मार्च २०१७ मध्ये सौदी अरेबियाकडून ०-३ आणि जपानकडून ०-४ अशा लागोपाठ पराभवांनंतर, ३१ मार्चला त्याने पद सोडले.

त्याच्या जागी आलेले सर्बियाचे मिलोवान रायेवाच आपल्याकडे अनेकांना आठवत असतील. ६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबीत सुनील छेत्रीच्या भारताने आशियाई चषकात थायलंडला ४-१ ने हरवले आणि लगेच रायेवाच यांना काढण्यात आले.

झिको २०२१ मध्ये प्लेइकूला परतला. या वेळी संघात क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेली कोंग फुओंग, वान तोआन, तुआन आन्ह ही मंडळी होती. बारा फेऱ्यांनंतर संघ गुणतक्त्यात अव्वल होता. कोविडमुळे हंगाम थांबला, ऑगस्टमध्ये तो रद्दच झाला आणि विजेता कोणालाच घोषित केले गेले नाही. २००४ नंतरचे तिसरे विजेतेपद असे अधांतरीच राहिले. २०२३ अखेरपर्यंत तो तिथेच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये त्याने हनोईच्या पोलिसांच्या क्लबची सूत्रे घेतली, पण काही महिन्यांतच तो तिथून बाहेर पडला.