पूररेषा (कोकण)

नदीच्या पुराचे पाणी कोठवर पोहोचू शकते हे दाखवणाऱ्या आणि त्यानुसार काठावरील बांधकामाचे नियमन करणाऱ्या नकाशावरील रेषेस पूररेषा म्हणतात. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग या रेषा आखतो. ढोबळमानाने, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल असते.

नदीपात्र व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र होय. तेथे उद्याने, मोकळ्या जागा अशा वापरांना मुभा असली तरी नवी घरे बांधता येत नाहीत. निळ्या व लाल रेषांमधील नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येते, मात्र २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते. निषिद्ध क्षेत्रातील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीसही याच उंचीच्या अटीवर परवानगी मिळू शकते.

कोकणात ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे, कारण चिपळूण, महाड, राजापूर येथील बाजारपेठा खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापारामुळे पाण्यालगतच वाढल्या आणि आज पूररेषेच्या आत येणारा दुकानदार बहुधा पिढ्यान्‌पिढ्या तेथेच आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या येथील नद्या आखूड व तीव्र उताराच्या आहेत. घाटात अतिवृष्टी झाली की काही तासांतच पाणी शहरात येते, आणि त्याच वेळी उधाणाची भरती असेल तर ते समुद्राकडे निघून जाऊ शकत नाही. चिपळुणात वाशिष्ठीला कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही मिळते. २२ जुलै २०२१ रोजी तेथील बाजारपेठ बुडाली, आणि त्यानंतर पूररेषेचा व नदीतील गाळाचा प्रश्न तीव्र झाला. गाळ साचून पात्र उथळ झाले की तेवढ्याच पाण्याची पातळी वाढते, त्यामुळे गाळ काढण्याची रहिवाशांची मागणी रास्तच आहे. तथापि गाळ काढल्याने पूररेषेची गरज संपत नाही.

खाडीलगतच्या जमिनीस याखेरीज सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. त्यांची हद्द खाडीत भरतीचा प्रभाव जेथवर जाणवतो तेथवर असते, आणि हा प्रभाव वर्षातील सर्वांत कोरड्या काळातील पाण्याच्या क्षारतेवरून (दर हजारी ५ भाग) ठरवतात. एकाच भूखंडावर दोन्ही बंधने येऊ शकतात, म्हणून सातबारा उतारा निर्वेध असला तरी खरेदीपूर्वी दोन्ही नकाशे पाहणे आवश्यक ठरते. भराव टाकून भूखंड उंच करणे हा सोपा वाटणारा उपाय शेजाऱ्यास घातक असतो, कारण त्या जागेत मावणारे पाणी त्याच्या अंगणात शिरते.