बेडी, बाहुली आणि धरलेले बोट

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या नौपाड्यातील एका छापखान्यात, बालतस्करीवरील विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी तयार केलेली तीन कच्ची चित्रे टेबलावर मांडलेली होती. पहिल्यात काळ्या पार्श्वभूमीवर साखळीने बांधलेली दोन इवली मनगटे होती. दुसऱ्यात रुळांच्या कडेला पडलेली, एक हात निखळलेली बाहुली होती आणि तिच्या झग्याला लाल फीत बांधलेली होती. तिसऱ्यात एक पाठमोरी मुलगी कुणा मोठ्या माणसाचे बोट धरून फलाटावरून चालली होती. त्या माणसाचे कमरेच्या वरचे शरीर चौकटीबाहेर राहिले होते. मी दृष्टीच्या विज्ञानाविषयी अधूनमधून लिहितो, एवढ्याच भांडवलावर संपादकांनी मला सल्ल्यासाठी बोलावले होते.

सर्वांची पहिली पसंती अर्थातच साखळीला होती, कारण ती क्षणात कळते. हे क्षणात कळणेच मला खटकत होते. मानवी तस्करीविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2000 साली पालेर्मोच्या नावाने झाला. त्याची व्याख्या पाहिली तर प्रौढांच्या बाबतीत बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा यांसारखे एखादे साधन वापरले गेले असावे लागते. मात्र अठरा वर्षांखालील मुलाला शोषणाच्या हेतूने नेले, ठेवले किंवा कुणाच्या हवाली केले, तर तेवढ्यानेच ती तस्करी ठरते. म्हणजे साखळी ज्या बळजबरीचे प्रतीक आहे, ती बळजबरी मुलांच्या बाबतीत व्याख्येला लागतच नाही. नोकरीचे किंवा शिक्षणाचे आमिष दाखवून, ओळखीच्याच माणसाने राजीखुशीने गाडीत बसवलेले मूल आपल्या शेजारच्या बाकावर बसलेले असू शकते, आणि साखळी शोधायला शिकलेली नजर त्याच्यावरून सहज निसटून जाते.

मग सरळ चेहराच का छापू नये, असा प्रश्न निघाला. चेहऱ्याची ताकद खरोखरच मोठी आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात देणगी मागताना काही जणांना माली देशातील सात वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र आणि माहिती दाखवली, तर काहींना उपासमारीची लाखोंची आकडेवारी; मुलीला मिळालेली सरासरी रक्कम आकडेवारीच्या सुमारे दुप्पट होती, आणि दोन्ही एकत्र दाखवल्यावर ती पुन्हा घटली. परंतु आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 74 अशा बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा तपशील छापण्यास मनाई करते, आणि ते योग्यच आहे. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की काम झाले, हा समज मात्र चुकीचा आहे. एमआयटीतील पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवले की प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून डोळे पुसले तरी ओळख जितकी अडत नाही, तितकी ती भुवया पुसल्यावर अडते. चौकोनी ठिपक्यांत विरघळवलेला चेहराही डोळे किलकिले केले किंवा चार पावले मागे गेले की पुन्हा जुळून येतो. अब्राहम लिंकन यांच्या अशाच एका चित्रावर 1973 साली झालेले काम आजही शिकवले जाते. शिवाय आईला किंवा शेजाऱ्यांना ओळखायला चेहरा लागतोच कुठे? मुलीची वेणी आणि उभे राहण्याची लकब पुरते.

म्हणून काल्पनिक, रेखाटलेली, पाठमोरी मुलगी मला अधिक योग्य वाटली. तिचे मूलपण पाठीवरूनही कळते, कारण ते प्रमाणांत असते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण सहा डोक्यांएवढी भरते, मोठ्या माणसाची साडेसात. मोठे डोके आणि आखूड हातपाय दिसताच आपल्यात जपण्याची भावना जागी होते, हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी 1943 साली मांडले होते.

बाहुलीचा निकाल मात्र आमच्यापैकी कुणी लावला नाही. दुपारीच अंधारून आले आणि वीज गेली. खिडकीतून येणाऱ्या राखाडी उजेडात तिची लाल फीत, जी चित्रातली एकमेव ठळक खूण होती, काळपट होऊन रुळांत मिसळून गेली. मासिकाचे निळे नाव मात्र टिकून राहिले. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. भरपूर उजेडात डोळ्यातील शंकुपेशी काम करतात आणि त्या मिळून सुमारे 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. उजेड घटला की दंडपेशींचा वाटा वाढतो, त्यांचे शिखर 507 नॅनोमीटरच्या आसपास असते आणि तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. धोक्याचा रंग म्हणून लाल निवडणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने एकदा तरी दिवा मालवून आपले चित्र पाहावे.

उरला तो चौकटीने कमरेवर कापलेला माणूस. अपुरी आकृती पूर्ण करण्याची मेंदूला खोड असते. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांच्या 1955 च्या आकृतीत तीन तुकडा काढलेल्या वर्तुळांच्या मधोमध, प्रत्यक्षात नसलेला पांढरा त्रिकोण लख्ख दिसतो. तिथे कडा पुरवते ती दृष्टी; इथे चेहरा पुरवतो तो आपला पूर्वग्रह, आणि तो नेहमी कुणातरी ‘परक्या’ माणसाचाच असतो. चित्रकर्तीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. तिने त्या माणसाचा मळका पायजमा काढून इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट रंगवले आणि हातात जेवणाच्या डब्याची पिशवी दिली. सकाळी सव्वानऊच्या जलद गाडीला आपल्यासोबत उभा असतो तसा तो माणूस झाला. बोट धरणे हे विश्वासाचे आपले सर्वात जुने चित्र आहे, आणि आता त्या विश्वासाकडेच संशयाने पाहावे लागत होते.

छापण्यापूर्वी रंगीत नमुना घेऊन आम्ही ठाणे स्थानकाबाहेरच्या एका वृत्तपत्रविक्रेत्याकडे गेलो. नजरेचा खरोखर तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा असतो, म्हणजे दोन मीटरांवरून पाहणाऱ्याला एका वेळी सुमारे सात सेंटिमीटरच स्पष्ट दिसते. म्हणून धरलेले बोट आणि त्याखालचा 1098 हा बालमदत क्रमांक आम्ही मोजूनमापून त्या मापात बसवला होता, पानाच्या तळाशी. विक्रेत्याने नमुना चिमट्याने दोरीला लावला, त्यावर सवयीने खालच्या ओळीतल्या दुसऱ्या मासिकाचा अंक चढवला आणि म्हणाला, “ताई, एवढंच दिसणार. खालचं सगळं झाकलं जातं.” दिसत होते फक्त मासिकाचे नाव आणि मुलीचा माथा. दुसऱ्या दिवशी चित्रकर्तीने मुलगी, बोट आणि 1098 हे सारे उचलून मासिकाच्या नावाला जवळजवळ टेकवले, आणि खाली रिकामा फलाट तेवढा ठेवला.