शांतिसेना पदक

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत ठरावीक काळ सेवा बजावणाऱ्या सैनिक, पोलीस व लष्करी निरीक्षकांना मिळणारे सेवापदक. सातारा जिल्ह्यातील सैनिकी गावांत ते ‘यूएन मेडल’ किंवा ‘युनोचं मेडल’ या नावाने परिचित आहे.

पहिले पदक कोणते, याविषयी मतभेद आहेत. आमसभेने 12 डिसेंबर 1950 रोजी मंजूर केलेल्या कोरिया सेवापदकाला काही अभ्यासक हा मान देतात. त्याच्या फितीवर निळ्या-पांढऱ्या रंगांचे 17 अरुंद पट्टे असून भारताच्या 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सलाही ते मिळाले. ही तुकडी तेथे शुश्रूषेसाठी गेली असली, तरी कोरियातील फौज लढणारी होती. त्यामुळे शांतिसेवेपुरता विचार करता, सुएझ संकटानंतर (1956 मध्ये सुएझ कालव्यावरून इजिप्तवर झालेल्या हल्ल्यानंतर) उभारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलाचे 1957 चे पदकच आद्य मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याच्या फितीचा वाळूचा रंग सिनाईच्या वाळवंटाचा, मधला निळा पट्टा संयुक्त राष्ट्रांचा. कडेच्या बारीक रेषांपैकी गडद निळी सुएझ कालव्याची, तर हिरवी नाईलच्या खोऱ्याची खूण मानतात. सर्व मोहिमांना लागू पडणारे पदक सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांनी जुलै 1959 मध्ये सुरू केले.

पदक कांस्याचे असते. दर्शनी बाजूस संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह, तर मागे ‘शांततेच्या सेवेत’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. बिल्ला तोच; मोहीम ओळखायची ती फितीवरून. कांगोत प्रारंभी पॅलेस्टाईनमधील आधीच्या निरीक्षक मोहिमेचीच फीत ‘कांगो’ अशा धातूच्या पट्टीसह देत. स्वतंत्र फीत पुढे 1963 मध्ये आली. पात्रतेसाठी सामान्यतः 90 दिवसांची सेवा लागते. त्याच मोहिमेत पुन्हा सेवा केल्यास दुसरे पदक न देता फितीवर अंक लावतात.

भारताचे विदेश सेवा पदक (1960) याहून वेगळे असून त्यावर देशाच्या नावाची पट्टी असते. एकाच मोहिमेसाठी ही दोन्ही पदके मिळालेले सैनिक आहेत.

सातारा तालुक्यातील आपशिंगे (मिलिटरी) हे सैनिकी परंपरेचे प्रसिद्ध गाव. पहिल्या महायुद्धात तेथील 46 जवान कामी आले. अशा गावांतील माजी सैनिकांच्या सत्कारपत्रिकांत यूएन मेडलला ‘शौर्यपदक’ म्हणणे बरोबर नाही. हे सेवेचे पदक आहे, आणि परक्या मुलखात, अनेकदा बंदूक न चालवता दोन फौजांच्या मध्ये उभे राहण्याची ती सेवा मुळीच कमी प्रतीची नव्हे. शौर्याचा गौरव राष्ट्रीय पदकांनी होतो. कांगोत 5 डिसेंबर 1961 रोजी धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीर चक्र मिळाले, ते भारताकडून. कर्तव्यावर मरण आलेल्या शांतिसैनिकांसाठी सुरक्षा परिषदेने 1997 मध्ये हामरशोल्ड यांच्या नावाचे मरणोत्तर पदक स्थापिले. ते स्फटिकाचे, अंडाकृती असून त्यावर मृताचे नाव व मृत्युदिनांक कोरलेला असतो.